सरांना बाहेरून ऐकायचं होतं

सर कुठल्याही इमारतीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरपी करून क्षणभर उभे राहायचे आणि समाधान झालं की आत यायचे. देऊळ असो, मेहकरची कचेरी असो, नाहीतर कोणाचं राहतं घर असो, जागेची किंमत त्यांच्या लेखी टाळीचा आवाज किती वेळ घुमतो त्यावर ठरायची. माझ्यासाठी मुलगी बघायला धामणगाव बढ्याला जायचं होतं, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी त्यांना सोबत नेलं. त्यांनी बैठकीत पाऊल ठेवलं आणि टाळी दिली. यजमानांना वाटलं, पाहुण्यांना घाई आहे. त्यांनी आत खूण केली आणि पोहे व्हायच्या आतच मुलगी बाहेर आली. परतताना एस.टी.त सरांनी आपलं मत सांगितलं, "पोरगी चांगली हाये. घर कोरडं हाये." कोरडं म्हणजे आवाज न घुमणारं. लग्न झालं. सरांचा विषय निघाला की बायको अजूनही 'ते टाळीवाले' असंच म्हणते.

मी मूळचा पिंपळगाव राजाचा. डोणगावच्या हायस्कूलात गणित शिकवायला लागलो तेव्हा महाराष्ट्र नवाच झाला होता आणि शाळेच्या रबरी शिक्क्यावर अजून मागचंच राज्य होतं. सर तिथे इंग्रजी शिकवायचे. बाकीच्यांना आडनाव लावून 'सर' म्हणावं लागे, त्यांना नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरायचं. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या शेजारच्याच खोलीत राहायचे आणि आम्हा दोघांचा डबा एकाच घरून यायचा.

त्यांचा आवाज फार खालचा होता. ते वर्गात कविता वाचायला लागले की मागच्या बाकांवरची पोरं बाकाला हात लावून बघायची, कारण लाकडातून काहीतरी जाणवायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हे कायम चिडलेले असतात. चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत, पण हट्टी माणूस कसा असतो ते त्यांच्याकडे बघून कळलं. त्यांनी आपल्या वर्गातली पोरं मार्कांवर किंवा उंचीवर न बसवता आवाजावर बसवली होती. चार रांगा, पातळ आवाजापासून जाड आवाजापर्यंत. एकदा साहेब तपासणीला आले आणि त्यांनी याचं कारण विचारलं. सर म्हणाले, उंचीवर बसवून मला काय कळणार? साहेबांनी शेऱ्यात 'वर्ग नीटनेटका' असं लिहिलं आणि ते चहाला गेले.

माझा गळा त्यांनी पहिल्याच महिन्यात तपासला. खोलीवर बोलावून 'सा' लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली, पुन्हा एकदा लावायला सांगितला. शेवटी म्हणाले, "तुम्ही ऐकाचं काम करा, मास्तर. ऐकनाराबी लागते." पुढची सात-आठ वर्षं मी ते काम इमानाने केलं.

हे सगळं कुठून आलं ते सांगायला हवं. सर नागपूरला कॉलेजात होते तेव्हा मिशनच्या एका मडमेनं मोठा कोरस उभा केला होता. शंभरेक माणसं, बायका-पुरुष चार गटांत उभे. गायचं ते जर्मनीतल्या कोण्या एका माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या चर्चसाठी रचलेलं. सरांचा आवाज बघून बाईंनी त्यांना शेवटच्या रांगेत, जाड आवाजांत उभं केलं. दोन वर्षं ते गायले. लोक ऐकून रडायचे म्हणे. सरांना मात्र त्यातलं दोन्ही बाजूंच्या दोन माणसांचं ओरडणं आणि पुढच्याची पाठ, एवढंच पदरात पडलं. ते मला सांगायचे, "घानीचा बैल पाह्यला का तुम्ही? तेल त्याच्याच मेहनतीचं असते. त्याले पुसा, तेल कसं लागते." त्यांच्याजवळ फोनो होता आणि त्याच गाण्याच्या तबकड्या होत्या. त्या ते क्वचितच लावत. शंभर माणसं डब्यात कोंबल्यासारखी वाटतात, म्हणायचे. त्यांना ते गाणं हाडामांसाच्या माणसांकडून, एका मोठ्या जागेत, समोर उभं राहून एकदा ऐकायचं होतं. दुसरी कसली इच्छा त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. निवृत्ती जवळ आली होती, त्यानंतर ते अमरावतीला पुतण्याकडे जाणार होते, आणि पुतण्याचं घर, सरांनी टाळी वाजवून बघितलं होतं, अगदीच कोरडं होतं.

आधी त्यांनी शाळेतल्या पोरांना घेऊन करून पाहिलं. त्या गाण्याची गंमत अशी, की एक गट चाल सुरू करतो. ती अर्ध्यात आली की दुसरा गट तीच चाल पहिल्यापासून धरतो, मग तिसरा, मग चौथा. पहिले तोवर थांबलेले नसतात, ते वर दुसरंच काही गात असतात. चौघांनी आपापलं सोडायचं नाही, की झालं. पोरं हुशार होती, गुणी होती, एकमेकांना सांभाळून घेणारी होती. त्यानेच घात केला. एक रांग जरा दबली की दुसरी तिच्या मदतीला जायची, आणि दोन मिनिटांत चारही रांगा मिळून एकच चाल प्रार्थनेसारखी म्हणायच्या. हेडमास्तरांना ते फार आवडलं. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता मला म्हणाले, "मास्तर, या गान्याले दोस्त नाही चालत. दुस्मन लागतात."

दुश्मनांची डोणगावात ददात नव्हती. वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं अशी दोन भजनी मंडळं होती. एकेकाळी ती एकच होती. रामनवमीच्या मिरवणुकीत वीणा कोणी धरायची यावरून फुटली, आणि तेव्हापासून एक मंडळ ज्या ओट्यावर बसलं त्या ओट्यावर दुसरं बसत नसे. वरच्या आळीचे तुळशीरामबुवा, उंच पट्टीत गाणारे. खालच्या आळीचे शेषरावबुवा, ढाल्या, जाड आवाजाचे. शेषरावबुवांचं मंडळ म्हणजे त्यांची भावकीच होती, बाहेरचे म्हणाल तर आमच्या शाळेचा शिपाई आणि गावातला एक शिंपी. तिसरं मंडळ बायकांचं. ते तुळशीरामबुवांच्या बायकोनं, अनसाकाकूंनी काढलं होतं. बुवा घरात बायकोला ताल शिकवायला गेले, तेव्हा काकूंनी वेगळं मंडळ काढून आपला ताल त्यांना दाखवून दिला होता. राहिला पातळ आवाज, त्यासाठी शाळेतल्या मुली होत्या. मुलींचं कोणाशी भांडण नव्हतं, पण तीन मंडळांतल्या थोरल्यांचं गाणं आपल्याहून वाईट आहे अशी त्यांची खात्री होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

गावात आधी थोडी कुजबुज झाली. सर मंडळांना ख्रिस्ती गाणं शिकवून राहिले, म्हणजे पुढे काय होईल सांगता येत नाही, असं मारुतीच्या पारावर निघालं. तुळशीरामबुवांनी सरांना बोलावून शब्द काय आहेत ते विचारलं. शब्द सरांनी मराठीच ठेवले होते. देवा दया कर.

"आन् पुढं?" बुवांनी विचारलं.

"पुढं काई नाही. एवढंच."

"पाव तास?"

"हाव."

बुवांनी ते मनात घोळवून पाहिलं. मग एकच शंका काढली, "कोन्या देवाले मनाचं?"

"ज्याच्यापाशी दया असन त्याले," सर म्हणाले.

बुवांना यात आक्षेपार्ह काही सापडलं नाही. एवढंसं वाक्य घेऊन पाव तास घोळवणं हा तर त्यांचा रोजचा उद्योग होता. प्रकरण तिथेच मिटलं.

चारी गट वेगवेगळे शिकले, आपापल्या जागी, तोंडी, भजनाची चाल शिकतात तसे. दोन पावसाळे त्यात गेले. प्रत्येक गटाला सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की मुख्य चाल तुमची, बाकीचे तीन नुसती साथ करणार. हे चौघांनाही सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, सर, तुम्ही खोटं बोलता. त्यांना ते लागलं. म्हणाले, खोटं कसं, त्या गाण्यात चौघंही खरोखरच मुख्य आहेत, जर्मनीतल्या माणसानेच तसं केलंय, त्यात मी काय करू.

जागा त्यांनी केव्हाच हेरून ठेवली होती. एका अडत्याचं दगडी भिंतींचं, उंच छपराचं गोदाम होतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ते रिकामं असे, मग पाडव्याला खरेदीचा मुहूर्त झाला की पोती यायला लागत. रिकाम्या गोदामात सरांनी टाळी दिली तेव्हा मी शेजारी होतो. टाळी वर गेली, फिरली आणि सावकाश खाली आली. सरांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. अडत्या भला माणूस होता, त्याने विनातक्रार किल्ली दिली.

दसरा झाल्यावर चारी गट पहिल्यांदा एकत्र आले. कोण कोणाकडे पाठ करून उभा राहणार यात बराच वेळ गेला. मग सरांनी सूर दिला आणि वरच्या आळीने चाल सुरू केली. 'देवा दया कर' म्हणत ते अर्ध्यापर्यंत आले, आणि अनसाकाकूंच्या मंडळाने तीच चाल पहिल्यापासून उचलली.

तुळशीरामबुवा थांबले. त्यांच्यामागे त्यांचं सगळं मंडळ थांबलं. बुवा बायकोकडे वळून म्हणाले, "हे आमची चाल हाये."

काकूंनी आपली ओळ पुरी केली आणि मगच उत्तर दिलं. आपण ही चाल सरांकडून शिकलो, ती आपलीच आहे आणि मुख्य आहे. बुवांचं म्हणणं पडलं की काकूंनी ती घरात भिंतीआडून ऐकून चोरली. तेवढ्यात शेषरावबुवा पुढे झाले. ही चाल खालच्या आळीला सगळ्यात आधी शिकवलीय, त्यामुळे नवरा-बायको दोघेही चोर आहेत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यानंतर कोण काय बोललं ते सांगता येणार नाही, कारण जागा घुमणारी होती आणि प्रत्येक शिवी चारदा ऐकू येत होती. मुली भिंतीला टेकून बघत होत्या. मला वाटलं, संपलं सगळं.

सर एका उपड्या टोपलीवर बसून राहिले. सगळ्यांचे घसे बसल्यावर त्यांनी तुळशीरामबुवांना विचारलं, मेहकरला उरुसात कव्वालीचा मुकाबला झाला तो तुम्ही ऐकला का? बुवांनी ऐकला होता. सगळ्यांनीच ऐकला होता.

"तठी समोरच्या पार्टीनं पह्यल्याचीच ओळ उचलून त्यालेच वापस केली. तवा तुम्ही काय मनलं, बुवा? चोरली मनलं, का जवाब देल्ला मनलं?"

"जवाब देल्ला," बुवा म्हणाले.

"मंग?"

तुळशीरामबुवांनी पागोटं नीट केलं, बायकोकडे एकदा पाहिलं, आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या दिवसापासून त्या गाण्यात जीव आला. कोणी कोणाच्या चालीत घसरायचा प्रश्नच उरला नाही, कारण शेजाऱ्याचा सूर धरणं म्हणजे हार मानणं होतं. सरांना हवं होतं ते नेमकं हेच. ते रोज थोडे थोडे मागे सरकायला लागले. आधी हात वर करायचे सोडले, मग नुसती मान हलवायची, मग तीही नाही. त्यांचा बेत मला ठाऊक होता. गाण्याच्या दिवशी नुसता सूर द्यायचा, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी, माझ्या शेजारी येऊन उभं राहायचं आणि ऐकायचं.

दिवस धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाचा ठरला, दुपार उतरल्यावर. पाडव्याला पोती येणार होती आणि महिनाअखेर सर निवृत्त होणार होते.

त्या दिवशी सकाळी सांगावा आला, की शेषरावबुवांच्या भावकीतला एक म्हातारा लोणारकडे वारला. सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. म्हणजे सगळ्या खालच्या आळीला. म्हणजे शिपाई आणि शिंपी सोडले तर सगळ्या जाड आवाजांना.

सर आणि मी शेषरावबुवांकडे गेलो. ओसरीवर माणसं गप्प बसून होती. सरांनी टाळी वाजवली नाही. मयताबद्दल विचारपूस झाली, आणि मग सरांनी हळूच विचारलं, काही करता येईल का? बुवा म्हणाले, सुतकात देवाचं नाव तोंडाने घेता येत नाही, आणि या गाण्यात दुसरं आहे काय?

"बुवा," सर म्हणाले, "मले थे एकदा बाहीरून ऐकाचं होतं."

हे वाक्य त्यांनी गावात माझ्याशिवाय कोणाजवळ काढलेलं नव्हतं. बुवांनी खाली बघितलं.

"समजते मले, सर. पन सुतक मले इचारून नाही आलं."

आम्ही उठलो. वाटेत सर एवढंच म्हणाले, आज मला रांगेत उभं राहावं लागेल. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढा मोठा माणूस, आणि कोणावर रागावावं असं समोर कोणी नव्हतं.

दुपारी गोदाम भरून गेलं. अडत्याने हौसेने देवाची तसबीर ठेवून नारळ फोडला होता, उदबत्त्या लावल्या होत्या. त्यामुळे खालच्या आळीची माणसं आत आली नाहीत. ती मोठ्या दाराबाहेरच्या ओट्यावर बसली. मी ठरल्याप्रमाणे दाराशी उभा राहिलो. समोर दूर चार गट होते, आणि चौथ्या गटात तीन माणसं होती, शिपाई, शिंपी आणि मधे सर. शेवटच्या रांगेत, पुढच्याच्या पाठीमागे.

वरच्या आळीने सुरुवात केली. काकूंनी जवाब दिला. मुलींनी दोघांना जवाब दिला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं आहे. मग खालच्या आळीची पाळी आली आणि ते तीन आवाज निघाले. सरांनी जीव तोडून लावला होता. तरी तीन म्हणजे तीनच. त्या एवढ्या मोठ्या जागेत, तीन आवाजांच्या वर, तुळशीरामबुवांच्या मंडळाने असा काही सूर लावला, जणू खालची आळी कधी जन्मालाच आली नव्हती. आणि गाता गाता बुवा दाराकडे बघून हसले.

ते शेषरावबुवांनी ओट्यावरून पाहिलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. ते बसल्या जागी ताठ झाले, डोक्यावरचा दुपट्टा मागे सारला, आणि त्यांनी आवाज लावला. त्यांच्यामागोमाग सगळ्या भावकीने लावला. चाल तीच होती, जागा बरोबर होती, फक्त शब्द दोनच होते.

दया कर. दया कर.

देवाचं नाव ते गाळत होते. नावाच्या जागी तोंड मिटून घेत होते आणि पुढे पुन्हा, दया कर. पुढे गावात यावरून वाद झाला, तेव्हा शेषरावबुवांनी 'दया मागाले सुतक नाही' असा निकाल दिला आणि तो भल्याभल्यांना मान्य करावा लागला. पण ते नंतरचं. तेव्हा माझ्या पाठीमागून तो जाड आवाज आला, दारातून आत गेला, आणि समोरचे तिन्ही गट एकदम वर उचलले गेल्यासारखे झाले. तुळशीरामबुवांचं हसू गेलं. ते डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून गायला लागले. काकू त्यांच्याहून जोरात.

सर गाता गाता थांबले. त्यांनी शिपायाकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं. मग रांगेतून बाहेर पडले आणि भिंतीच्या कडेकडेने, माणसांच्या पायांतून वाट काढत, माझ्याकडे यायला लागले. त्यांना कोणी अडवलं नाही, कोणाचं लक्षही नव्हतं. दाराशी येऊन ते माझ्या शेजारी वळून उभे राहिले. समोरून तिघे, पाठीमागून चौथा.

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड उघडलं आणि ते जाड आवाजांत मिसळून गायला लागले.

मी त्यांचा दंड धरला. "सर," मी म्हटलं, "गप राहा. ऐका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपला उजवा हात उचलून आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरला, आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी त्या हातावरून मनगटापर्यंत येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

गाणं शेवटाला आलं. शेवटचा सूर लागला. तो कधी सोडायचा हे सांगायला पुढे कोणी नव्हतं, आणि आधी सोडेल तो हरला हे चौघांनाही ठाऊक होतं. तुळशीरामबुवा सोडेनात, म्हणून काकू सोडेनात. काकू सोडत नाहीत म्हणून मुली सोडेनात. ओट्यावरची माणसं तर सुतकात होती, त्यांना घरी जायची काही घाई नव्हती. एक जण श्वास घेई तेवढ्यात दुसरा सूर सांभाळत होता. सर हात तोंडावर धरून ऐकत होते, आणि मी मनात म्हणत होतो, बाबांनो, आज नका मिटवू, अजून थोडं भांडा.